चौथ्या गाडीचा माग

३ ऑक्टोबर, गुरुवार

सीमेवरच्या गस्तीत मी सव्वीस वर्षं माग काढायचं काम केलं. सकाळच्या नमाजानंतर आदल्या दिवसाची नोंद वहीत करायची, हा तिथला नियम. काही घडलं नसेल तर 'विशेष काही नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. सरकारनं मला घरी बसवलं, पण सवयीला कोण घरी बसवणार? म्हणून ही वही. आता ती तपासायला साहेब नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं, की मी फसलो. गेल्या महिन्यात पुतण्या फव्वाज घरी आला. मी कॉफी ओतली. त्यानं पेला घेतला आणि न पिताच समोर सतरंजीवर ठेवला. आमच्यात पाहुण्यानं असा पेला ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि यजमानानं 'पी, झालं तुझं काम' म्हटल्याशिवाय तो ओठाला लावत नाही. मागणं काय, ते आधी विचारायचं नसतं. आधी विचारतो तो दुकानदार. मी म्हटलं, "पी, झालं तुझं काम." मला वाटलं, पोराला कुणाची तरी मुलगी मागायची असेल, नाहीतर एखादी उंटीण हवी असेल. कॉफी संपवून, मिशी पुसून म्हणतो कसा, "काका, यंदाचा हंगाम माझ्या तळावर येऊन बसा. संध्याकाळी पाहुण्यांना कॉफी ओता. दुसरं काही करायचं नाही."

म्हणजे मी, मुतलक, ज्यानं दगडावरून गेलेल्या चोराचा माग काढलाय, तो आता सूर्यास्त बघायला आलेल्या लोकांसमोर शोभेला बसणार. पण शब्द गेला तो गेला.

५ ऑक्टोबर, शनिवार

काल पहिली संध्याकाळ झाली.

तळ म्हणजे उम्म सिद्रच्या कड्याखाली ताणलेले आठ तंबू. आमच्या आया शेळीच्या केसांचे तंबू विणायच्या, एकेकाला वर्ष लागायचं. हे प्लास्टिकचे आहेत, वर शेळीच्या केसांचं चित्र छापलंय. मला सोनेरी काठाचा झगा चढवला, तोही भाड्याचा. फव्वाजनं डोळ्यांत काजळ घातलं होतं. "काका, गोऱ्यांना आवडतं." मी म्हटलं, "तुझ्या आजीलाही आवडायचं. पण तिला दाढी नव्हती." स्वयंपाकी शहाता हा नाईलकाठचा मिसरी, उंट बघितला की दोन पावलं मागे सरतो. त्याची पाहुण्यांशी ओळख 'वाळवंटाचा बल्लव' अशी करून देतात. तो वाळूत पुरलेलं मटण वर काढतो तेव्हा टाळ्या पडतात. आमच्यात पोरगा जन्मला तरी इतक्या टाळ्या कुणी वाजवत नाही.

पाहुणे अकबाहून बसनं गावच्या फाटकापर्यंत येतात. तिथून आमच्या चार जीपगाड्या त्यांना वाळूत फिरवतात, टेकड्यांवरून खाली सोडून किंचाळायला लावतात आणि ऊन उतरायच्या आत तळावर आणतात. तळावर म्हणजे कड्याच्या पलीकडे. शेवटची शंभर पावलं चालत यायचं, असा यंदाचा नवा नियम. फव्वाजचं म्हणणं, चालत आलं की काफिल्याबरोबर आल्यासारखं वाटतं. मी बसतो तिथून गाड्या मुळी दिसतच नाहीत. असला खुळचटपणा याच्याच डोक्यातून निघायचा. स्वतः मात्र गाडीच्या टपावर उभा राहून बिनतारीवरून हुकूम सोडत होता म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पाहुण्यांचे चेहरे मी बघत नाही. सव्वीस वर्षं जमिनीकडे बघून पोट भरलं, मानेला तीच सवय. सतरंजीपाशी जोडे काढून येतात, मला दिसतात नुसती पावलं. गुलाबी टाचा, रंगवलेली नखं. डोक्याला आमचा रुमाल गुंडाळतात तो दाढदुखीच्या पट्टीसारखा.

मग 'शांततेचा अनुभव'. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, मावळतीकडे बघत बसायचं. आम्ही गप्प बसतो ते बोलायला काही नसतं म्हणून. हे लोक त्याचं तिकीट काढून येतात. तिसऱ्या मिनिटाला एकाचा फोन वाजला. त्यानं तो घेतला आणि कुजबुजला. फव्वाजनं नंतर अर्थ सांगितला: "मी शांततेत बसलोय, जरा वेळानं कर."

९ ऑक्टोबर, बुधवार

मुलगा रकान याचा फोन आला. तो अम्मानला घरं थंड करणारी यंत्रं विकतो. जन्मला वाळवंटात आणि पोट भरतो गारव्यावर. त्याच्यामुळे गाव मला अबू रकान म्हणतं, रकानचा बाप. म्हणाला, वत्फासाठी कचेरीत एक खुर्ची बघितली आहे, सोळा नोव्हेंबरला पाठवून द्या.

वत्फा ही माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. गावच्या शाळेत कारकून होती, तिथला करार संपला. आई लवकर गेली, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून लहानपणी मी हिला मोडक्या पिकअपमध्ये घालून मागावर न्यायचो. नऊ वर्षांची असताना पाण्याच्या टाकीवरून पडली, तेव्हापासून उजवं पाऊल आतल्या बाजूला जास्त दाबून टाकते. एरवी माझ्यासारखीच आहे, कमी बोलते आणि जास्त हट्ट करते.

भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, फाटकावरच्या आपल्या बारीचं काय करायचं?"

बारी म्हणजे अशी: टोळीतल्या प्रत्येक घराची फाटकावरच्या यादीत एक जागा. ज्याची बारी आली, त्याच्या गाडीत पाहुणे चढायचे. मी ती कधी वापरली नाही. पाहुणा म्हणजे काय शेळी, नंबर लावून उचलून न्यायला? आता यादी ठेवणाऱ्या संस्थेनं कळवलंय, चौदा नोव्हेंबरपर्यंत चालकाचं नाव लिहून द्या, नाहीतर बारी रद्द.

"होऊ दे रद्द," मी म्हटलं.

"कुणीतरी चालवेल की."

"कोण? तुझ्या भावाला वाळूत उतरवलं तर चप्पल शोधत बसेल."

"त्याचं नाही म्हणत मी."

"मग काय फव्वाजला देऊ? चार गाड्या आहेत त्याच्याकडे. माझ्याशी गोड बोलतोय तो कशासाठी, मला कळत नाही होय?"

भाकरी करपली. अम्मानला गेली तर बरंच होईल, या गोऱ्यांच्या जत्रेपासून लांब राहील. सध्या संध्याकाळी बायकांच्या शिवणाच्या वर्गाला जाते. रोज पापण्यांवर धूळ घेऊन परत येते. त्या वर्गात झाडूच मारत नसावेत. आणि महिना झाला तरी उशीचा अर्धा अभ्राही पुरा होत नाही, तेव्हा शिकवणारी कसली असेल ते दिसतंच आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मुद्दाम टेकड्यांकडे जाऊन आलो. आपल्या वाळूची या चार गाड्यांनी काय दशा केली, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं.

पहिली गाडी फव्वाजची. वळणावर वाळू उधळते, कारण मागे बसलेल्यांनी फोटो काढावेत. दुसरी कुणाचीही असेल, लिहिण्यासारखं काही नाही. तिसरी नव्वाशची. हा फव्वाजचा मित्र गाडी अशी चालवतो, की दारू प्यालेला बैलही त्याला वाट देईल. रतमची तीन झुडपं चिरडली. ती झुडपं माझ्या आज्याच्या वेळची होती.

पण चौथी गाडी! चौथीचा माग मी टेकडीच्या पायथ्यापासून कड्यापर्यंत चालत बघितला. मऊ वाळू लागायच्या आधीच चाकांची हवा कमी केली आहे, रुतल्यावर नाही. एक झुडूप मोडलं नाही. चढ तिरका घेतला नाही, तिरकी गाडी कलंडते, आणि वर पोचून क्षणभर थांबली, पलीकडे काय आहे ते बघून मगच उतरली. आणि जिथे जिथे थांबली तिथे नाक उताराला. माझ्या जुन्या पिकअपचा स्टार्टर गेलेला असायचा, तेव्हा मी अशीच लावायचो, म्हणजे ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत. या नव्या गाडीला त्याची गरज नाही, तरी लावतो. म्हणजे कुणीतरी जुन्या माणसानं शिकवलेला गडी आहे.

फव्वाजला विचारलं, "चौथी गाडी कोण चालवतं?"

तो काळा चष्मा शोधत होता. "कोण म्हणजे... आहे एक. सलीम. शेजारच्या गावचा. माझा चष्मा बघितलात का, काका?"

चष्मा त्याच्याच डोक्यावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी या पिढीची नजर. यांनी सीमेवर माग काढला असता तर शत्रू येऊन जेवून गेला असता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विशेष काही नाही. शहातानं मटणात मीठ दोनदा घातलं. पाहुणे म्हणाले, अस्सल चव.

२० ऑक्टोबर, रविवार

काल माझ्या बापाचा खंजीर गेला.

फव्वाज मला रोज पेल्याची गोष्ट सांगायला लावतो आणि तिचं त्यांच्या भाषेत करतो. मग दोनचार जण हसत हसत पेला खाली ठेवतात. कुणी उंट मागतं, कुणी पाऊस मागतं, कुणी माझी चौथी बायको होऊ का म्हणून विचारतं, आणि मी 'पी, झालं तुझं काम' म्हणत पुढे सरकतो. सगळं हसण्यावारी जातं. गोष्ट मी आता जरा नीट सांगतो, आधी थांबतो, पेल्याकडे बघतो, मग बोलतो. केवळ ती ऐकणाऱ्यांना कळावी म्हणून; बाकी मला त्यात काडीचा रस नाही.

काल एका जर्मनानं पेला ठेवला. लांबट पाऊल, अंगठ्याहून दुसरं बोट मोठं. मी म्हटलं, पी. तो प्याला, आणि माझ्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाला, तो खंजीर.

मी काढला आणि दिला.

तो हसायचा थांबला. फव्वाज धावत आला. "काका, अहो तो चेष्टा करतोय!"

"त्यानं केली असेल. मी नाही केली."

"खेळ आहे हा! कार्यक्रमाचा भाग!"

"तुझा कार्यक्रम असेल. पेला माझ्या हातचा होता."

जर्मन बिचारा लालबुंद झाला, परत देऊ लागला. मी हात मागे घेतला. शेवटी तो खंजीर फव्वाजकडे ठेवून पळाला. आता तो तंबूच्या खांबाला टांगलाय. मी घेणार नाही. दिलेली वस्तू खांबाला असो नाहीतर बर्लिनला, माझी नाही.

घरी आल्यावर वत्फानं तीनतीनदा विचारलं. "असाच दिलात? तो गंमत करत होता तरी?"

"गंमत म्हणून पेला ठेवायचा नसतो. ठेवला तर मागणं खरंच धरायचं."

"आणि कुणीही ठेवला तरी?"

"पेला ठेवणाऱ्याचं गोत्र विचारत नाही मी."

खंजीर गेल्याचं दुःख झालं पोरीला. पण रात्री भाकरी इतकी चांगली केली की मी एक जास्त खाल्ली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी धुळीचं वादळ आलं. चार गाड्या टेकड्यांत, मी तंबूत. झग्याचं सोनं उडालं, प्लास्टिकचे दोन तंबू थेट सौदीच्या दिशेनं गेले. शेळीच्या केसांचा तंबू असता तर जागचा हलला नसता. फव्वाज त्या दिवशी आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन तळावर थांबला होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बिनतारीत नुसती खरखर. सारखा एकच विचारत होता, "चौथी आली? चौथी आली?" बाकी तीन गाड्यांत चौतीस माणसं होती, त्यांची या गड्याला फिकीर नाही.

सगळे परत आले. काल सकाळी जाऊन माग बघितला. वाऱ्यानं बराचसा पुसला होता, पण खडकाच्या आडोशाला उरला होता. नव्वाश उभ्या उतारावर चढायला गेला आणि आसापर्यंत रुतला. चौथी गाडी वळून त्याच्यापाशी आली, त्याचे पाहुणे आपल्यात घेतले, आणि धूळ उतरेपर्यंत खडकाला पाठ लावून थांबली. मीही हेच केलं असतं. सव्वीस वर्षांत मला असा एक जोडीदार मिळाला नाही.

चालकाच्या दारापाशी बाईच्या पावलांचे ठसे होते. छोटी पावलं, उजवी टाच आत दाबलेली. बहुधा कुणी गोरी बाई ओकायला उतरली असेल. हे पाऊल कुठेतरी बघितलंय असं वाटलं. पण आठवड्याला तीनशे पावलं बघून डोळ्यांचा भुगा झालाय, सगळी ओळखीची वाटतात.

तळावर शहाताला म्हटलं, "तो सलीम एकदा माझ्यासमोर आणा. मला त्याला कॉफी पाजायची आहे."

शहाता मटण पुरत होता. म्हणाला, "अबू रकान, तुम्ही म्हणे दगडावरनं गेलेला चोर धरलात?"

"धरला."

"मग घरातला धरा की."

"माझ्या घरात कसला चोर?"

"मी कुठे काय म्हटलं? मी आपला मटण पुरतोय."

मिसरी माणसाला सरळ बोलणं जमत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

नव्वाश घरी आला. अर्धं मेंढरू घेऊन. बारी माझ्या नावावर करा म्हणाला.

मी त्याला कॉफी ओतली, पेला काठोकाठ भरून. आमच्यात भरलेला पेला म्हणजे 'प्या आणि चालते व्हा'. पाहुण्यांना हे कळत नाही, ठीक आहे. या गाढवालाही कळलं नाही. आभार मानून प्याला. ज्याला पेला कळत नाही त्याला बारी काय कळणार?

उठताना म्हणाला, "मग कुणाला देणार? तुमचा रकान तर येत नाही. त्या सलीमला का?" आणि तोंडावर हात ठेवून हसला. आत वत्फाच्या हातून परात पडली.

सलीमला द्यावी असं खरोखर मनात आलं होतं. पण यादीत टोळीबाहेरचं नाव चालत नाही. तेव्हा राहिलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

काल बस आलीच नाही. कुणी आजारी पडलं म्हणे. मी चार वाजल्यापासून दाढी करून बसलो होतो. दाढी एरवीही करतोच.

११ नोव्हेंबर, सोमवार

वत्फा सामान भरते आहे. तीन झगे, आईची सुरमादाणी, एक घोंगडी. मी म्हटलं, अम्मानला घोंगडी कशाला, तिथे गाद्या असतात. तर म्हणाली, हिला इथला वास येतो.

नंतर अंगणात उभी राहून कड्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, "वारा उद्या पश्चिमेचा आहे. मोठ्या टेकडीची वाळू मऊ होईल."

"होईल. तुला काय करायचंय?"

"काही नाही, बाबा."

खुर्चीवर बसायला निघालेल्या मुलीला वाळूचं काय पडलंय, मला कळत नाही. मला तिच्या जाण्याचं वाईट वाटतंय, हे मात्र लिहून ठेवतो. इथे वाचणारं कुणी नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

रात्री डोळा लागला नाही. तरी लिहितो.

काल पंचेचाळीस पाहुणे होते. झगा चढवला. नियमानं पहिला पेला स्वतः प्यालो, मग रांगेनं ओतत निघालो. पेल्याची गोष्ट सांगितली. गुलाबी टाच, गुलाबी टाच, मोज्यातलं पाऊल, गुलाबी टाच. रांगेच्या शेवटी आणखी एक मोज्यातलं. पेला दिला. तो माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला गेला. आजूबाजूला हसू फुटलं, रोजचंच. मी मान वर न करता म्हटलं, "पी, झालं तुझं काम."

"बाबा, आधी मागते. मग पिते."

मी वर बघितलं. वत्फा होती. डोक्याला रुमाल, सबंध तळावर नीट बांधलेला तेवढाच एक.

"फाटकावरची आपली बारी," ती म्हणाली. "माझ्या नावावर लिहून द्या. गाडी मी चालवणार."

फव्वाजला तिकीट लावून हंगामभर जी शांतता जमली नाही, ती तिथे झाली. कुणाचा फोनही वाजला नाही.

मला राग आला. इतका आला की हातातलं कॉफीचं भांडं फेकावंसं वाटलं. परक्या पंचेचाळीस माणसांसमोर, मोजे घालून, पाऊल लपवून! मी माणूस कसा ओळखतो ते ठाऊक असलेल्या माणसानंच मला गाठलं होतं.

फव्वाज पुढे आला. काजळ घामानं ओघळलं होतं. "वत्फा, ऊठ. काका, मनावर घेऊ नका. मी पाहुण्यांना सांगतो, कार्यक्रमातलीच गंमत होती म्हणून."

मागून नव्वाश म्हणाला, "आणि बाईच्या पेल्याला कसला आलाय नियम?"

"नियम पेल्याचा आहे," मी म्हटलं. "पेल्याला दाढी नसते."

तरी फव्वाजनं वाट काढून दिली होती. गंमत म्हटलं असतं की सुटलो असतो. मग दीड महिना त्या तंबूत बसलेला झगेवाला म्हातारा कोण? तोही भाड्याचा. आणि जर्मनाला दिलेला खंजीर तिथेच, खांबाला लटकत होता.

मी तिला विचारलं, "गाडी येते तुला?"

तिच्याशेजारी एक गोरी म्हातारी बसली होती. तिनं फव्वाजला विचारून घेतलं, काय चाललंय, आणि मग मोठ्यानं काहीतरी बोलली. फव्वाज घाम पुसू लागला.

"काय म्हणते ती?"

"काका..."

"काय म्हणते?"

"म्हणते, आज आम्हाला हिनंच आणलं. चौथ्या गाडीतून. अशी गाडी तिनं कुठे बघितली नाही म्हणते."

मी खाली बसलो. वत्फा अकरा वर्षांची होती. मी हरवलेल्या उंटिणीच्या मागावर पुढे चालायचो, आणि ही पिकअपमध्ये पाण्याच्या डब्यावर बसून पहिल्या गिअरमध्ये मागून यायची. 'थांबलीस की नाक उताराला!' मी मागे न बघता ओरडायचो. मागे न बघता. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मिसरी स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. दगडावरचा माग काढणारा मुतलक तेवढा सलीमला कॉफी पाजायला निघाला होता.

"वादळात नव्वाशची माणसं कुणी आणली?"

"मी," वत्फा म्हणाली.

"शिवणाचा वर्ग?"

"गेलेच नाही कधी. तो अभ्रा शेजारणीचा आहे."

हसू येऊ नये म्हणून मी पेल्याकडे बघितलं. कॉफी निवून गेली होती. ती वाळूत ओतली, पेला पुसला, दुसरी ओतली. थोडी, मानाच्या पाहुण्याला ओततात तेवढीच. तिच्या हातात दिली.

"मी एकदा बोललोय," म्हटलं. "दुसऱ्यांदा बोलायला लावू नकोस. पी."

ती प्याली. पुरे झाली की पेला हलवून परत द्यायचा असतो. तिच्या हातात तो हलला. नियमानं हलवला की हात थरथरत होता म्हणून हलला, ते मला ओळखता आलं नाही. माग काढणारा म्हणे! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी वाजवल्याच असत्या.

१४ नोव्हेंबर, दुपार

फाटकावर जाऊन आलो. पहिल्यांदाच चौथ्या गाडीत बसलो. बसल्या बसल्या पाच चुका काढल्या, त्यातल्या दोन खऱ्या होत्या. मऊ वाळू लागायच्या आधी तिनं उतरून चाकांची हवा सोडली. मी म्हटलं, उशीर केलास. केला नव्हता.

संस्थेचा कारकून फुगलेल्या गालांचा, कान कोरत बसलेला. "चालकाचं नाव?"

"वत्फा, मुतलकची मुलगी."

त्यानं कान कोरायचं थांबवलं. "अबू रकान, रकानचंच नाव घालू या ना. चालवेना का कुणीही. कागदावर बरं दिसतं."

"रकान यंत्रं विकतो. गाडी ही चालवते."

"अहो पण उद्या बैठकीत लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"अबू वत्फा म्हणतील," मी म्हटलं. "तूही तेच लिही. आणि नीट लिही, तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे."

त्यानं लिहिलं. मी वाचून बघितलं, मग अंगठा उठवून शेजारी सही केली. वत्फा बाहेर गाडीपाशी उभी होती, काचेतून सगळं बघत होती. मी बाहेर आल्यावर तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं. रकानला फोन करून कळवलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. घोंगडी परत खुंटीवर गेली.

घरी आल्यावर तिनं गाडी उतारावर नेली आणि नाक खाली करून लावली.

"या गाडीचा स्टार्टर चांगला आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे, बाबा."

संध्याकाळी तळावर जायचं आहे. झगा धुवून वाळत घातलाय. शहाता भेटला की त्याला दोन शब्द ऐकवायचे आहेत.

गस्तीची नोंद: चौथी गाडी, फाटक ते घर. चालक वत्फा. सोबत अबू वत्फा. विशेष काही नाही.